सासूबाई बाळाला 'भुरके' म्हणतात. हा लाड की चिडवणं?

ताई, सासर वर्ध्याकडचं, तुमचं आडनाव भलतंच, आणि सासूबाई दीड वर्षाच्या पोराला आडनावासारखं 'भुरके' म्हणतात. याचा अर्थ काय, त्यात गोड काय, हे तुम्ही विचारलं आहे. अर्थ ताटावरच दिसतो: वरण भुरकतं म्हणून भुरके. गोडवा मात्र शब्दात नाही, शेवटच्या मात्रेत आहे.

काळा, काळे. लांडगा, लांडगे. मराठीतली कितीतरी आडनावं म्हणजे साध्या शब्दाचं आदरार्थी अनेकवचन. त्याच शब्दाला 'या' लावला की हाडहुड होते. 'भुरक्या' म्हटलं की मागून 'इकडे ये बे' येतंच. 'भुरके' म्हटलं की जीभ आपसूक 'या, जेवाले बसा' वर जाते. चार दातांच्या पोट्ट्याला सातबाऱ्याचा मालक असल्यासारखं अहोजाहो करायचं, मजा ती. म्हणून सासूबाई क्रियापद कोणतं लावतात तेवढं ऐका. 'भुरके, झोपले का?' असेल तर लाड आहे. 'भुरके झोपला का?' वर आलं असेल तर नुसतं नाव उरलं.

चंद्रपूर, यवतमाळकडचं 'वार' याच जातीचं. मुनगंटीवार, वडेट्टीवार यांतला 'वार' म्हणजे तेलुगूतला 'वारु', तोही आदराचं अनेकवचनच. दुधाशिवाय न झोपणारं पोर तिकडे 'दुधेवार' व्हायला हरकत नाही. 'कर'ला मात्र जागा लागते. पाळण्यातून न उतरणारं 'पाळणेकर' चालेल, 'भुरकेकर' केलं तर भुरके नावाचं गाव शोधत बसावं लागेल. मुलगी झाली तर 'भुरकी' करू नका. आडनाव लिंगाप्रमाणे बदलत नाही, काळे आडनावाच्या बाईला कोणी काळी म्हणत नाही. 'भुरकी' केलं की विशेषण झालं, आणि विशेषण टोचतं. मुलगीसुद्धा भुरकेच, फार तर भुरकेबाई.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या मते हे सगळं गावठी, मुलाला शुद्ध नावानंच हाक मारावी. गुरुजी, शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांना जग कोणत्या नावानं ओळखतं? हातात गाडगं असायचं म्हणून गाडगे. अमरावतीच्या विद्यापीठावर नाव त्या गाडग्याचं आहे, जानोरकरांचं नाही. यावलीच्या माणिकचं तसंच. भजनात स्वतःला 'तुकड्या' म्हणायचं त्यांनी, लोकांनी 'तुकडोजी' म्हणायचं. 'या' आणि 'जी'मधलं अंतर ज्याला कळलं त्याला तुमच्या सासूबाई कळल्या. आणि बोबडं बोलणाऱ्याचा शब्द ज्या आडनावात आहे, त्या आडनावाचे नागपूरचे गृहस्थ २०१९ ते २०२१ देशाचे सरन्यायाधीश होते.

गुरुजींची एक बाजू मात्र खरी, आणि ती कागदाची. मी सेतूवर, म्हणजे दाखले-अर्जांच्या सरकारी केंद्रावर बसतो, रोज हेच निस्तरतो. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, आणि महसुली कागदात आडनाव बहुतेक नसायचंच. 'गणपत वल्द तुकाराम' म्हणजे तुकारामाचा मुलगा गणपत, बाई असेल तर 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, झालं. आडनाव पक्कं झालं शाळेत, पहिलीला नाव घालायला जो गेला त्याच्या तोंडून निघेल ते. एका घरात आजोबा बारमाही घोंगडं पांघरायचे. थोरल्याला शाळेत आजीनं घातलं, तिनं 'घोंगडे' सांगितलं. धाकट्याला बापानं घातलं, त्यानं खरं आडनाव सांगितलं. बाप गेल्यावर वारस नोंदीला सख्खे भाऊ दोन आडनावांचे, आणि सातबाऱ्यावर बापाचं तिसरंच, म्हणजे नुसतं वल्द.

असं झालं की लोक आधी आधार बदलायला धावतात. चूक. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, एक संधी फुकट जाते. आधी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा, म्हणजे मुलं शाळेत आली-गेली त्या नोंदवहीचा, उतारा काढा. टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) नव्हे, टीसी त्यावरूनच उतरवलेली असते. मग आजोबांच्या कोतवाल बुकाची नक्कल, मग दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. नाव बदलायचंच असेल तर आधी राजपत्र, त्यावर आधार, त्यावर पॅन आणि बँक. महसूल संहितेचं कलम १५५ लेखनातल्या चुकीसाठी आहे, 'गणपत'चा 'गनपत' झाला तर. अख्खं आडनाव वेगळं असताना त्याखाली अर्ज टाकला की तो फिरून येतो. आणि जुन्या कागदावर स्वतः खाडाखोड कधीच नको. ओबीसीच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, तिथे खाडाखोड दिसली की शंका जातीवरच येते.

तुमच्या बाळापुरतं पाहा. १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्म असेल तर सरकारी कागदावर क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जन्म नोंदवताना नाव घातलं नसेल तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. लसीकरण कार्ड आणि अंगणवाडीचं रजिस्टर आजच उघडून बघा. विचारलं की आजी पटकन 'भुरके' सांगून मोकळी होते.

एक राहिलं. रंगावरून, व्यंगावरून असं नाव ठेवू नये, तिथे 'े' काहीच झाकत नाही. आणि भुरके आडनावाची खरी घरंही असतात. तुमच्या गावात एखादं असेल तर भर चौकात हाक मारताना जरा बेतानं, नाहीतर खरे भुरके 'ओ' देतील.