फ्रान्समधली सरकारी संग्रहालयं नव्या वस्तू कुणाच्या पैशाने घेतात?

तुमचा प्रश्न असा आहे: रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून आणली, तशीच फ्रान्समधली सरकारी संग्रहालयंही बोली लावूनच नव्या वस्तू घेतात का, आणि त्यांना एवढे पैसे देतं कोण?

मी लियों शहरात राहतो. संग्रहालयाशी माझा संबंध वर्गणी भरणाऱ्या सभासदाचा, नोकरदाराचा नाही. तरी या विषयाचा नाद लागला तो पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात. पाऊस होता, आत जायला तिकीट नव्हतं, म्हणून शिरलो. लाल भिंतींची खोली, मोडक्या खुर्च्या, कुठल्याशा जुन्या रेखाटनावर बोली चाललेली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने शेवटची बोली लावली, हातोडा पडला, गृहस्थ शेजारणीकडे वळून हसलेसुद्धा. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई मोठ्याने म्हणाली, "प्रेऑम्प्सियों!" इतका वेळ तिने एकदाही हात वर केला नव्हता. खोलीत टाळ्या पडल्या. गृहस्थाचं वाढलेलं ताट समोरून उचललं गेलं होतं.

हा सरकारचा अग्रहक्क. १९२१ च्या कायद्याने आलेला. जाहीर लिलावात हातोडा पडला की लगेच सरकारचा प्रतिनिधी उठून म्हणू शकतो की ही वस्तू याच भावात आम्ही घेतो. जिंकलेला माणूस बाजूला होतो आणि सरकार त्याच्या जागी येतं. निर्णय पक्का करायला सरकारला १५ दिवस मिळतात. गावच्या नगरपालिकेच्या संग्रहालयासाठीही सरकार हा हक्क वापरू शकतं. संग्रहालयाला बोली चढवत बसावं लागत नाही, भाव बाजार ठरवतो. अर्थात हे सगळं फ्रान्सच्या हद्दीत. आपल्या तलवारीसारखी वस्तू लंडनमध्ये विकली जात असेल तर फ्रेंच सरकारलाही मुकाट बोलीच लावावी लागेल.

पण भाव तर द्यावाच लागतो, आणि खरी गंमत तिथे आहे. फ्रेंच संग्रहालयाचा खिसा लहान असतो. लूव्र म्हणजे त्यातलं दांडगं, तिथे कायमस्वरूपी दालनांच्या तिकिटांतून आलेल्या पैशांपैकी २० टक्के खरेदीसाठी बाजूला ठेवतात. मध्यम गावातल्या संग्रहालयाकडे तेवढं कुठून येणार? त्यांच्यासाठी १९८२ पासून प्रांतवार निधी आहेत, ज्यात केंद्र आणि प्रांत दोघं पैसे घालतात. त्यातून बरी रेखाटनं, एखादी मूर्ती, गावच्या इतिहासातली कागदपत्रं येतात. कोट्यवधी युरोंचं चित्र येत नाही.

मग कोट्यवधींचं कसं येतं? माझ्या मते या व्यवस्थेतली दोन खरी हत्यारं आहेत ती वेळ आणि कर.

वेळ म्हणजे काय ते चिमाबुए या इटालियन चित्रकाराच्या एका चित्रावरून बघा. पॅरिसच्या उत्तरेला कोंपिएन्य नावाचं गाव आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर, एक छोटं चित्र टांगलेलं होतं. वहीच्या कागदाहून फार मोठं नाही. घरच्यांना वाटायचं, कुठलीतरी जुनी धार्मिक तसबीर असेल. घर आवरताना जाणकारांनी पाहिलं तर तेराव्या शतकातल्या चिमाबुएचा हात निघाला, येशूची विटंबना चालल्याचं दृश्य. फोडणीच्या धुरात इतकी वर्षं काढलेलं ते चित्र ऑक्टोबर २०१९ मध्ये लिलावात खर्चासकट २ कोटी ४१ लाख युरोंच्या वर गेलं.

देशाबाहेर न्यायचं तर अशा चित्राला सरकारी दाखला लागतो. डिसेंबरमध्ये मंत्र्यांनी तो नाकारला आणि चित्राला 'राष्ट्रीय ठेवा' ठरवलं. याचा अर्थ जप्ती नव्हे. मालक मालकच राहतो, पण दाखला ३० महिने अडतो आणि तेवढ्यात सरकारला जागतिक बाजारभावाने मागणी घालायची मुभा मिळते. मागणी आलीच नाही तर दाखला द्यावा लागतो आणि वस्तू जाते. चिमाबुएच्या बाबतीत पैशांची जुळवाजुळव झाली आणि २०२३ मध्ये ते लूव्रचं झालं.

आता कर. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वस्तूसाठी एखाद्या कंपनीने पैसे दिले, तर त्यातले ९० टक्के तिच्या करातून वजा होतात. मर्यादा एवढीच की त्या वर्षीच्या कराच्या निम्म्यापर्यंतच हे करता येतं. ही २००२ च्या कायद्याची देणगी. उदाहरण घ्या: २०२३ च्या सुरुवातीला पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात कायबोत या फ्रेंच चित्रकाराचं नौकाविहाराचं चित्र आलं, उंच टोपी घातलेला माणूस वल्ही मारतोय ते. किंमत ४ कोटी ३० लाख युरो, दिले लुई व्हितॉंवाल्या एलव्हीएमएच या कंपनीने. पाटीवर तिचे आभार आहेत, आणि ते खोटे नाहीत. पण ९० टक्क्यांचा हिशेब पुरा लावला तर ३ कोटी ८७ लाख युरो सरकारी तिजोरीत यायचे होते, ते आले नाहीत. म्हणजे बहुतेक पैसे फ्रेंच करदात्याचेच, फक्त कंपनीच्या हाताने दिलेले. मला यात वाईट काही दिसत नाही, पण 'उद्योगपतीने दान केलं' असं कुणी म्हणालं की मी हा हिशेब मांडतो आणि जेवणाच्या टेबलावर अप्रिय होतो.

कायबोतचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. हा स्वतः श्रीमंत आणि मोने, रन्वार, देगा वगैरे मित्रांची चित्रं विकत घेऊन ठेवणारा. १८९४ मध्ये वारला तेव्हा साठाच्या वर चित्रं सरकारला ठेवून गेला, फुकट. सरकारने बराच काळ नाकं मुरडली आणि चाळीसेक घेतली. बाकीची परत.

कराचा दुसरा मार्ग मला याहून जास्त आवडतो, त्याला इथे 'दासियों' म्हणतात. वारसाकर पैशांऐवजी कलाकृती देऊन फेडायचा. कायदा १९६८ चा, आंद्रे माल्रो संस्कृतिमंत्री असताना झालेला. वारस वस्तू देऊ करतात, एक समिती तिची किंमत आणि लायकी तपासते, पटलं तर तेवढा कर फिटला. पिकासो १९७३ मध्ये मृत्युपत्र न करता गेला आणि मागे हजारो कामं. वारसांवरचा कर रोखीत फेडायचा तर बाजारात चित्रांचा पूर आला असता. त्याऐवजी १९७९ मध्ये सरकारने कराच्या बदल्यात दोनशेच्या वर चित्रं, दीडशेच्या वर शिल्पं आणि रेखाटनांचे ढीग निवडून घेतले. आज पॅरिसला पिकासो संग्रहालय म्हणून तुम्ही ज्या वाड्यात जाता, तो १९८५ मध्ये या करवसुलीसाठीच उघडला. डच चित्रकार व्हर्मीरचं 'खगोलज्ञ' हे चित्र लूव्रमध्ये याच वाटेने आलं.

आमच्या लियोंचं उदाहरण न देता कसं चालेल? पूसाँने १६५७ मध्ये लियोंच्या एका रेशीम व्यापाऱ्यासाठी मेरी-जोसेफ बाळ येशूला घेऊन इजिप्तला पळतात ते चित्र काढलं. ते पुढे हरवलं, आणि १९८६ मध्ये पूसाँचं नव्हे म्हणून बऱ्यापैकी स्वस्तात विकलं गेलं. नंतर त्याचंच ठरल्यावर विकणाऱ्या बाईंनी कोर्टात जाऊन व्यवहार रद्द करून घेतला. मग राष्ट्रीय ठेवा, मग खरेदी. २००७ मध्ये १ कोटी ७० लाख युरोंना, अठरा कंपन्यांनी हात लावला तेव्हा ते शहराच्या संग्रहालयाला मिळालं. एकट्या नगरपालिकेच्या आवाक्यातलं ते नव्हतंच. मंगळवार सोडून कधीही जा, मी पाहुण्यांना तिथे आधी नेतो.

कुणी म्हणेल, संचालकाला आवडलं की घेतलं. तसं नसतं. 'फ्रान्सचं संग्रहालय' हा दर्जा साधारण बाराशे संग्रहालयांना आहे. खरेदी असो वा देणगी, आधी तज्ज्ञांच्या समितीचं मत घ्यावं लागतं. ही काळजी का, तर सरकारी संग्रहाच्या नोंदवहीत एकदा चढलेली वस्तू विकता येत नाही. अमेरिकेतली संग्रहालयं जुनी चित्रं विकून नवी घेतात, तो मार्ग इथे बंद. हा नियम किती कडक आहे याचा अंदाज हवा असेल तर बेनिनच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू बघा. फ्रेंच सैन्याने लुटून आणलेल्या, राष्ट्राध्यक्षांनी परत करायचं जाहीर केलेल्या, तरी त्यासाठी २०२० मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

आणि ही व्यवस्था हरतेही. रेम्ब्रांटच्या 'ध्वजधारी' चित्राला २०१९ मध्ये फ्रान्सने राष्ट्रीय ठेवा ठरवलं. पैसे जमले नाहीत. शेवटी नेदरलँड्सने १७ कोटी ५० लाख युरोंना ते घेतलं, त्यातले १५ कोटी थेट डच सरकारचे. ३० महिने हातात असणं आणि पैसे हातात असणं यांत हा फरक.

सामान्य माणसाचा वाटा विचाराल तर तोही आहे. शार्दांचं रानटी स्ट्रॉबेरीच्या टोपलीचं चित्र २०२२ मध्ये लिलावात विकलं गेलं आणि अमेरिकेतल्या संग्रहालयाकडे निघालं होतं. लूव्रने अडवलं आणि २ कोटी ४३ लाख युरो उभे केले. मोठा हिस्सा पुन्हा एलव्हीएमएचचा, पण सुमारे दहा हजार लोकांनी मिळून १६ लाख युरो दिले. मी ५० दिले होते. व्यक्तीला ६६ टक्के करसवलत मिळते, म्हणून त्यातले ३३ पुढच्या वर्षीच्या करातून वजा झाले. म्हणजे माझे १७. आमच्या घरात आता बाजारात स्ट्रॉबेरी महाग दिसली की बायको म्हणते, "नको, आपली लूव्रमध्ये आहे."