‘बाकी बाळ फार गुणी आहे’

पत्र : माझा मुलगा ११ महिन्यांचा झाला तरी रांगत नाही, बसल्या बसल्या पुढे सरकतो. नणंदेची मुलगी त्याच्याच वयाची, ती धरून उभीही राहते. सासूबाई रोज ऐकवतात. मी अ‍ॅपवर टप्पे बघते आणि रडते. बाकी बाळ फार गुणी आहे. शेजारी मिक्सर फिरला तरी उठत नाही. आधी खूप बडबडायचा, आता समजूतदार झालाय. त्याने रांगावं म्हणून काय करू?

उत्तर : काही करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली दिलेल्या आकड्यांत रांगण्याचा काळ ५.२ ते १३.५ महिने आहे, आणि शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. झालं रांगणं.

आता ‘बाकी’कडे या. नणंदेच्या मुलीत सगळं पत्र खर्ची घातलंत आणि खरी गोष्ट दोन ओळींत उरकलीत. ११ महिन्यांचं मूल समजूतदार होऊन गप्प बसत नाही हो! या वयात बाबाबा-दादादा वाढायला हवं. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला आवाज काढतात. स्वतःचाच आवाज कानी पडेना की तो कमी होत जातो. नुसत्या मिक्सरचं असतं तर सोडून दिलं असतं, गाढ झोपेची मुलं असतात. पण त्याच्या जोडीला बडबडही गेली आहे.

घरी टाळ्या वाजवून बघत बसू नका. हाताची हालचाल दिसली तरी बाळ वळतं, आणि तुम्ही निश्चिंत होता. जन्मल्यावरची तपासणी नीट आली होती, हेही सांगू नका. कानाचा दोष नंतरही येतो. कदाचित पडद्यामागे साठलेलं पाणी एवढंच निघेल. पण ते ठरवणार कोण, अ‍ॅप?

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. ‘येत होती ती बडबड थांबली’ हे याच शब्दांत सांगा आणि कानांच्या ‘बेरा’ तपासणीचं विचारा. झोपलेल्या बाळाच्या कपाळाला आणि कानांमागे छोट्या पट्ट्या चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्र टिपतं. दुखत नाही. फक्त वाटेत त्याला झोपू देऊ नका, नाहीतर तिथे पोचल्यावर टक्क जागा राहील. कान ठणठणीत निघाले तरी बडबड का गेली, हे विचारल्याशिवाय उठायचं नाही.

रिपोर्ट आला की लगेच लिहा. त्यात रांगण्याची एक ओळही नको.