होडीवाल्यांचे प्रश्न: घरी पोचण्यापुरता इलाज आणि खरा इलाज

मासेमारी बंदीचे दिवस चालू आहेत, 1 जून ते 31 जुलै, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे या वेळी पत्रं भरपूर आलीत. त्यातली पाच घेतलीत. पाचही वाचताना मला एकच गोष्ट परत परत दिसली. समुद्रात आपण जे काही करतो ते घरी पोचण्यापुरतं असतं आणि खरी दुरुस्ती काठावर, कोरड्यात, वेळ काढून करायची असते. पण होतं काय, घरी पोचलो की तोच इलाज वर्षभर चालवतो. तसं करू नका, मनापासून सांगतो.

प्रश्न (श्रीवर्धनहून): माझं 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे. मे महिन्यात मागून इंजिन गार करणाऱ्या पाण्याची धार बारीक यायला लागली, अर्ध्या तासात इंजिन तापून बंद पडायचं. मेकॅनिक म्हणतो हेड खोलावं लागेल. खरंच लागेल का?

उत्तर: दादा, हेडला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघा, तिन्ही घरी होतात.

पहिली, ज्या भोकातून धार येते तेच भोक. तिथे मीठ नाहीतर गाळ बसतो. जाड तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) वीतभर तुकडा घ्या, इंजिन बंद असताना भोकात घालून हळूहळू मागेपुढे करा. कितीतरी वेळा एवढ्यानंच धार मोकळी होते. तार वापरू नका, आतली रबरी नळी फाटते. दुसरी, खालची पाणी घ्यायची जाळी. खाडीत हल्ली प्लास्टिकच्या पिशव्या एवढ्या आहेत की एखादी येऊन चिकटली तरी पाणी बंद.

तिसरी म्हणजे इंपेलर, पाणी खेचणारी रबराची चक्री. ही बदलायची वस्तू आहे, जपून ठेवायची नाही. इंजिन वापरात असेल तर मी वर्षाआड बदलतो, गाळाच्या खाडीत चालत असेल तर दरवर्षी. खालचा पाय सोडवायचे बोल्ट काढा, गिअरचा रॉड सुटा करा, पाय खाली येतो, त्यावरच पंपाचं घर दिसतं. चक्रीची पाती एका बाजूला मुडपून तशीच राहिली असतील किंवा टोकाला चिरा असतील तर तिचं आयुष्य संपलं. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, तो वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो आणि नवी चक्री घालूनही इंजिन तापतच राहतं. नवी बसवताना साबणाच्या पाण्यानं ओली करा आणि पंपाचं घर खाली दाबताना मधला दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत राहा, म्हणजे पाती बरोबर बाजूला मुडपतात. दांड्यावरची छोटी किल्ली (चक्री दांड्याला अडकवणारा धातूचा तुकडा) सांभाळा, ती वाळूत पडली की गेली.

आणि इंजिन काठावर कोरडं कधीच चालू करू नका. माझी एक चक्री अशीच गेली, आवाज बघायला म्हणून जेमतेम मिनिटभर चालवलं, खोललं तर पाती जळून कडक झालेली. ड्रममध्ये गोडं पाणी भरा, जाळी पूर्ण बुडली पाहिजे, पंखा काढून ठेवा, न्यूट्रलला दहा मिनिटं चालवा. शेवटी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. एवढं सगळं करून धार आली नाही तर थर्मोस्टॅट, आणि मग हेड.

प्रश्न (मालवणहून एक ताई): आमच्या फायबरच्या होडीला खडकावर आदळून पुढे तळाला हातभर चीर गेली. मिस्टरांनी पुटी लावून सीझन काढला, पण आता पाणी आत येतंय. रेझिन आणून घरी करता येईल का? भाऊ म्हणतो सोपं आहे.

उत्तर: ताई, करता येईल, पण यातली एक गोष्ट जिवाशी येणारी आहे म्हणून ती आधी. रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, एक हार्डनर आणि एक जांभळट रंगाचं कोबाल्ट. या दोन्ही कधीही, थेंबभरसुद्धा, एकमेकांत थेट मिसळायच्या नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून नीट ढवळायचं आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिनही मिळतं, दुकानात विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका, आणि उडालाच तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवून तडक डॉक्टरकडे. बाटल्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

आता काम. आधी रुपयाचं नाणं घ्या आणि चिरेच्या आजूबाजूला ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, जिथे आतले थर सुटलेत तिथे भद्द येतो. पेन्सिलीनं खूण करा. चीर हातभर दिसली तरी सुटलेला भाग बहुतेक वेळा दुप्पट निघतो. जुनी पुटी सगळी काढायची, अजिबात दया नको, पुटीवर रेझिन धरत नाही. मग ग्राइंडरनं चिरेच्या दोन्ही बाजूला उतार काढा, जाडीच्या बारा पट. म्हणजे तळ 6 मिलिमीटर असेल तर साधारण 7 सेंटिमीटर. बशीसारखा उतार हवा, उभी कड ठेवली तर ठिगळ तिथूनच सुटतं. ही धूळ छातीत जाते, मास्क लावा, अंगभर कपडे घाला.

आणि ताई, खरी अडचण पावसाची. फायबर वरून कोरडं वाटतं पण आत मीठ आणि ओल धरून बसतं. गोड्या पाण्यानं धुवा, शेडमध्ये घ्या, बल्ब लावून चार-पाच दिवस वाळू द्या, घाई केलीत तर सगळं फुकट. कामाच्या दिवशी पाऊस नको. अॅसिटोननं पुसून घ्या, जवळ विडी-सिगारेट कोणी ओढायची नाही. रेझिन एका वेळी अर्धा किलोच्या वर बनवू नका. हार्डनर 1 ते 2 टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला 5 ते 10 ग्रॅम, आपल्याकडच्या उकाड्यात कमीच बरा. जास्त घातला की डब्यातच तापतं, धूर निघतो, असं झालं तर डबा उघड्यावर वाळूत ठेवून लांब व्हा. मॅटचा (काचतंतूच्या कापडाचा) एकेक थर टाकून ब्रशनं टोचत टोचत हवा काढा, पांढरा ठिपका दिसला म्हणजे तिथे हवा आहे. आतूनही दोन थर द्या. तुमच्या भावाला सांगा, लावायचं काम सोपंच आहे, वाळवायचं अवघड.

पुटी लावून घरी आलात ते योग्यच होतं, चूक झाली ती पुढचे महिने त्याच पुटीवर होडी पाण्यात नेण्यात. समुद्रात असं झालं तर माणसं आणि मासळी दुसऱ्या बाजूला सरकवा, चीर पाण्याच्या वर येते का बघा, बाहेरून कपडा दाबा आणि सरळ घर गाठा.

प्रश्न (दाभोळ खाडीतून): तळाला शेवाळ आणि खरखरीत शिंपल्या खूप धरतात. होडी वर ओढायला दहा माणसं लागतात. पाण्यातच काही उपाय?

उत्तर: पाण्यात नाही, पण भरती-ओहोटीकडून काम करून घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे आपल्याकडे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं, पण आता नवी मुलं विसरायला लागलीत म्हणून लिहितो. त्रयोदशी म्हणजे 13, त्याचे पाऊणपट पावणेदहा, तेव्हा साधारण पावणेदहाला भरती पूर्ण. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा, खाडीत आत जाल तसा उशीर होतो.

आता दिवस कोणता निवडायचा. उधाणाला पाणी वर चढतं म्हणून पुष्कळजण अगदी पौर्णिमेनंतरची सगळ्यात मोठी भरती गाठून होडी वर लावतात आणि मग फसतात, कारण पुढची प्रत्येक भरती आखूड होत जाते, भांग (लहान भरत्यांचे दिवस) येतं, आणि होडी पंधरा दिवस तिथेच अडकते. तुम्हाला फक्त तळ खरवडायचा आहे ना, मग द्वादशी-त्रयोदशीला लावा, भरत्या अजून वाढत्या असतात. दिवसाची आणि रात्रीची भरती सारखी नसते, त्यामुळे पाणी उतरायला लागून अर्धा तास झाल्यावरच टेकवा, अगदी वरच्या रेषेला नको. मऊ वाळू बघा, दोन्ही बाजूंना वाळूची पोती लावा, होडी कलली तर खाली माणूस नको. मग चार-पाच तास मिळतात. ओलं असतानाच लाकडाच्या फळीनं खरवडा, वाळलं की दगड होतं. शिंपल्यारोधक रंग मात्र एवढ्या वेळात होत नाही, त्याला कोरडा तळ हवा. आणि ज्यांची होडी रोज वाळूवर ओढली जाते त्यांनी त्या रंगावर पैसे घालूच नयेत, घासून जातो. इंजिनाच्या पायावरच्या जस्ताच्या तुकड्यावर कुठलाच रंग लावू नका, तो गंजायलाच ठेवलाय, अर्धा झिजला की बदला.

प्रश्न (देवगडहून): बंदीआधीचं वीस लिटर ऑइल घातलेलं पेट्रोल कॅनमध्ये आहे. 1 ऑगस्टला तेच चालेल का?

उत्तर: मी नाही घालणार. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतून पाणी ओढतं आणि जास्त झालं की पाण्यासकट तळाला बसतं. काचेच्या बाटलीत कॅनच्या तळाचं थोडं काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर ते इंजिनात नकोच. ताजं घ्या. टू-स्ट्रोकला पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50 ला 1 असेल तर 10 लिटरला 200 मिलिलिटर ऑइल, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 (पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनाचं) लिहिलेलं. मोटरसायकलचं ऑइल स्वस्त पडतं पण ते हवेनं गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): पंख्याची शिअर पिन सारखी तुटते म्हणून मी जाड खिळा घातला. तेव्हापासून तुटत नाही. ठीक आहे ना?

उत्तर: नाही, आजच काढा. पिन तुटायलाच बनवलेली असते, पंखा दगडाला किंवा ओंडक्याला आपटला की ती तुटते आणि गिअर वाचतो. खिळा तुटला नाही तर गिअर तुटेल. आणि सारखी का तुटते ते शोधा, पंख्याच्या दांड्याभोवती बहुतेक तंगूस गुंडाळलेला असेल, त्यानं सीलही कापलं जातं. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर समजा पाणी आत गेलंय.

समुद्रात पिन तुटून इंजिन ओरडतंय पण होडी हलत नाही असं झालं की आधी नांगर टाका, वाहत गेलात तर काम सुचत नाही. नांगर धरत नसेल आणि होडी बाहेर जात असेल तर तटरक्षक दलाचा 1554 लावा, लाजू नका. इंजिन बंद करून वर उचला, खाली जाळ्याचा तुकडा धरायला सांगा आणि पंखा सोडवायच्या आधी सुतळीनं बांधा. दोन पिना, दोन कॉटर पिन आणि एक पक्कड झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत घालून ती बरणी इंजिनाजवळ आडव्या फळीला बांधून ठेवा, घरातल्या खणात नको.