लेकीची डिग्री आणि मामांचे फ्लॅट

प्रश्न : मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे मामा राजारामपुरीत इस्टेट एजंट आहेत. गेलं वर्षभर ती त्यांच्याकडच्या फ्लॅटचे फोटो काढते, रील बनवते, पोर्टलवर टाकते, आलेल्या चौकशा सांभाळते. मामा सणासुदीला हातावर काहीतरी ठेवतात. आता म्हणते, "डिग्रीत काही राहिलं नाही. घराची किंमत यापुढं कॉम्प्युटरच सांगणार, मी याच धंद्यात उतरते." कुठल्याशा ऑनलाइन कोर्सचे 80,000 रुपये भरा म्हणून मागं लागली आहे. मला हा सगळा पोरखेळ वाटतो. मुलीनं रिकामे फ्लॅट दाखवत फिरणंही पटत नाही. काय करावं?
– एक पालक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

डिग्री सोडू देऊ नका, 80,000 भरू नका आणि मामांकडचं काम बंद करू नका. यातलं तिसरं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पुण्यात नोकरी करणारा मुलगा आईवडिलांसाठी कोल्हापुरात फ्लॅट बघतो तेव्हा पहिली चाळणी मोबाइलवरच लागते. नव्व्याण्णव एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग यांसारख्या पोर्टलवर तो एका बैठकीत पंचवीस-तीस घरं बघतो आणि त्यातली चार-पाच प्रत्यक्ष बघायला येतो. त्या चार-पाचांत आपलं घर यावं हे तुमची मुलगी बघते, आणि ते अंगी बाणवण्यासारखं कौशल्य आहे. मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरला तर भिंती उभ्या दिसतात. वरून खाली धरला तर खोली घसरल्यासारखी वाटते. वाइड लेन्स लावून दहा बाय दहाची बेडरूम हॉलएवढी दाखवणारे खूप आहेत. गिऱ्हाईक दारात आलं की ते उघडं पडतं आणि मग एजंटच्या दुसऱ्या फ्लॅटवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मापांसह साधा नकाशा, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं) वेगळं आणि बिल्टअप (भिंती धरून) वेगळं लिहिलेलं, पार्किंग कुणाच्या नावावर आहे ते स्पष्ट, एवढं असलं तरी निम्म्या फालतू चौकशा गळतात.

आणि कोल्हापुरात एक ओळ हमखास हवी, जिच्यासाठी पोर्टलवर रकानाच नसतो : 2019 आणि 2021 ला इथं पुराचं पाणी आलं होतं का, आलं असेल तर कुठवर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट. त्या दोन्ही वर्षी पंचगंगा 50 फुटांच्या कितीतरी वर गेली. नागाळा पार्क, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांत एका इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी आणि पलीकडची गल्ली कोरडी, असं आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथं दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेणाराही आधी गाडी कुठं लावायची हे विचारतो. ही माहिती विकणारा लपवतो, घेणारा शेजाऱ्याला विचारून काढतोच. जाहिरातीतच ती देणाऱ्या एजंटचं नाव होतं.

कॉम्प्युटर किंमत सांगणार, या तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. अमेरिकेत झिलो नावाच्या कंपनीनं 2006 पासून घरोघरच्या किमतीचा अंदाज इंटरनेटवर द्यायला सुरुवात केली. तिकडं हे जमतं, कारण बहुतेक राज्यांत घर कितीला विकलं गेलं ते सरकारी दप्तरात कुणालाही बघता येतं आणि दलालांची सामाईक यादी असते, तिच्यात प्रत्येक सौदा नोंदवला जातो. टेक्सससारख्या ज्या राज्यांत विक्रीची किंमत जाहीर करण्याची सक्ती नाही, तिथं हेच गणित अडखळतं. पुढं झिलोनं स्वतःच घरं विकत घेऊन विकायला सुरुवात केली. काही महिन्यांनी भाव काय असेल याचा अंदाज इतका चुकत गेला की 2021 च्या नोव्हेंबरात तो धंदा गुंडाळावा लागला आणि सुमारे पाव कर्मचारी घरी गेले. म्हणजे भरपूर माहिती हाताशी असलेल्या देशातही अंदाज सांगणं वेगळं आणि त्या अंदाजावर स्वतःचे पैसे लावणं वेगळं.

आपल्याकडं तर पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव, ठरलेला नव्हे. एकच फ्लॅट तीन एजंट तीन भावांनी टाकतात, विकला गेलेला महिनोन् महिने तसाच राहतो. अशा आकड्यांची सरासरी कॉम्प्युटरनं कितीही हुशारीनं काढली तरी ती आशेचीच सरासरी. मुलीला हे पटवायला भाषण नको, तिच्याकडून एक काम करून घ्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. गावाचं नाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या मिळकतीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, उघडते. तिच्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख आणि भरलेलं मुद्रांक शुल्क असतं. ई वॉर्डातले सिटी सर्व्हे नंबर मामांना तोंडपाठ असतील. राजारामपुरीच्या दोन-तीन गल्ल्या घ्या, गेल्या दोन-तीन वर्षांतले फ्लॅटचे दस्त काढा, एक्सेलमध्ये चटई क्षेत्राचा चौरस फुटाचा दर काढा आणि शेजारी त्याच गल्लीत पोर्टलवर मागतात तो दर लिहा. तिसऱ्या रकान्यात शासनाचा वार्षिक मूल्यदर, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. तीन दर तीन तऱ्हेचे दिसतील.

मग प्रत्येक इमारतीपुढं जाऊन उभं राहायचं. लिफ्ट आहे का, कितवा मजला, रस्ता किती रुंद, खाली हॉटेल आहे की दवाखाना, सोसायटी नोंदलेली आहे का. दर का वेगळा आहे ते जागेवरच कळतं. दस्तात दाखवलेला मोबदला हाच खरा सौदा असतो असंही नाही. वरचे रोख किती गेले ते मामा कुजबुजतील, पण ते लिहिता येत नाही. म्हणून या कामात आकड्यांएवढीच माणसांची ओळखही लागते. वर्षाअखेरीस असा तक्ता तयार झाला तर फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी गाइडशी बोलायला हरकत नाही. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तिनं तेच दर नकाशावर टाकले आणि त्यावर पूररेषा ओढली तर मुलाखतीत दाखवायला याहून चांगलं काही नसेल.

आता डिग्री. सरकारनोंद मूल्यांकनकार, म्हणजे रजिस्टर्ड व्हॅल्युअर, होण्याचे नियम 2017 चे आहेत आणि नोंदणी दिवाळखोरी मंडळाकडं, म्हणजे आयबीबीआयकडं होते. 'जमीन व इमारत' या गटासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर असेल तर तीन वर्षांचा. मग मान्यताप्राप्त संस्थेचं सभासदत्व, तिथला 50 तासांचा अभ्यासक्रम आणि संगणकावरची परीक्षा, जिच्यात 60 टक्के मिळवावे लागतात. जी डिग्री तिला अडगळ वाटते तीच या दाराची किल्ली आहे, आणि 80,000 च्या कोर्सचं प्रमाणपत्र तिथं कुणी हातात घेऊनही बघणार नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत येऊन ती सोडणं म्हणजे विसार देऊन सौदा मोडण्यासारखं होईल.

पाच वर्षं ऐकून ती तोंड वाकडं करेल. तिला सांगा, ही वर्षं पगारी असतात. गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांत टेक्निकल ऑफिसर असतात, मूल्यांकनकारांच्या ऑफिसात साइटवर जाणारी मुलंमुली लागतात. काम असं : लेझर मीटरनं मापं घ्यायची, मंजूर नकाशाशी ताडायची, मालमत्ता पत्रक आणि भोगवटा प्रमाणपत्र बघायचं, चतुःसीमा जुळतात का ते पाहायचं, जागेच्या नोंदीसह फोटो काढायचे आणि त्याच संध्याकाळी अहवाल द्यायचा. मंगळवार पेठेतलं एखादं जुनं घर घ्या : बोळातून आत, एक भिंत सामाईक, वरचा मजला नकाशात नाही आणि मालमत्ता पत्रकावर सात वारसांची नावं. त्याची किंमत सांगणारं अॅप मला अजून भेटलेलं नाही. उलट ताराबाई पार्कातल्या एकसारख्या बत्तीस फ्लॅटच्या इमारतीत कॉम्प्युटर बराच जवळ जाईल. तिथं त्याला काम करू द्यावं आणि तिनं तो आकडा तपासणारी व्हावं. एक्सेल पक्कं झालं की पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू दे. त्याचे चांगले धडे यूट्यूबवर फुकट आहेत.

मार्केटिंगमध्येच राहायचं असेल तर तीही वाट वाईट नाही, फक्त तिथं डिग्रीपेक्षा आजवरचं काम बोलतं आणि पोर्टलची पॅकेजं दरवर्षी बदलतात. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडं, नोंदलेल्या नव्या प्रकल्पातली घरं एजंट म्हणून विकायची तर 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली आहे. त्या प्रकल्पांच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोडही लागतो, नाहीतर दंड होतो. रील बनवताना हे तिच्या लक्षात असतं का, एकदा विचारा. ड्रोन उडवायचा मोह होईल, तर उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कुठल्या पट्ट्यात येते ते बघितल्याशिवाय बॅटरीसुद्धा घालू नये.

तुमची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. रिकामा फ्लॅट दाखवायला दोघांनी जावं, चौकशी करणाऱ्याचं नाव-नंबर आधी ऑफिसात नोंदलेलं असावं, लोकेशन घरी पाठवलेलं असावं, आणि अंधार पडल्यावर भेटी नकोत. एवढ्या चार अटी मामांनी पाळल्या तर तुम्ही हरकत घेऊ नये असं मला वाटतं. उद्या व्हॅल्युअर झाली तरी अनोळखी घरांत जाणं चुकणार नाहीच.

राहता राहिला पैशाचा विषय. सणासुदीला हातावर ठेवणं प्रेमाचं आहे, पण त्यानं तिला आपल्या कामाचा भाव कळत नाही. फोटो आणि जाहिरातीचा दर फ्लॅटमागं ठरवून घ्यावा, सौदा तिनं आणलेल्या चौकशीतून झाला तर कमिशनमधला ठरलेला हिस्साही मिळावा, आणि दोन्ही तिच्या बँक खात्यात यावेत. मेहुण्यांशी हे बोलणं तुम्ही करू नका, तिच्या आईवर सोपवा. भावाकडं पैसे मागताना बहिणीला कसला आलाय संकोच!