बसस्टँडसमोरचा गाळा घेऊ नकोस

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला पण घाईत काहीतरी टाईप करून पाठवायचं नव्हतं. स्वतःचं न्यूज चॅनल काढायचं म्हणतेस, दोन मैत्रिणी तयार आहेत, आणि नगरपालिकेला उभे राहणारे एक साहेब बसस्टँडसमोरचा गाळा, कॅमेरा, माईक सगळं देतायत, वर म्हणतात बातमीत अजिबात ढवळाढवळ करणार नाही. अगं, आत्ता ते मनापासूनच म्हणत असतील. तरी गाळा घेऊ नकोस.

हे मी भोगून सांगतोय. आमचं साप्ताहिक चालू होतं तेव्हा एका जानेवारीत एक शेतकरी आला, प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन. उसाच्या बाहेरच्या वजनकाट्याची एक आणि साखर कारखान्याच्या काट्याची एक, खेपेप्रमाणे एकावर एक टाचलेल्या, अशा अकरा खेपांच्या, आणि प्रत्येकीत टनाच्या वर फरक. काटामारी, म्हणजे वजनात चोरी, होते हे गावात शेंबड्या पोरालाही माहिती असतं, पण कागद कोण आणून देतं? पहिल्या पानाची मुख्य बातमी तीच धरली, पान लागलं सुद्धा. रात्री नऊला फोन आला. धमकी नाही, शिवी नाही, एवढंच विचारलं की कारखान्याच्या चेअरमन साहेबांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात पक्की धरायची ना? त्या जाहिरातीवर छपाईचं बिल होतं आणि दोन पोरांचे पगार होते. मी म्हणालो, बातमी पुढच्या अंकात घेऊ. पुढच्या अंकातही घेतली नाही. तो माणूस दोनदा येऊन विचारून गेला, तिसऱ्यांदा पावत्या परत मागायला आला, टेबलावर उभ्या उभ्या मोजून घेतल्या, पिशवीला गाठ मारली आणि एक शब्द न बोलता जिना उतरला. अजून डोळ्यासमोर आहे.

मग पैसे कुठून आणायचे म्हणशील, बरोबर आहे. खबर लहरियाचं बघ. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात, चित्रकूट जिल्ह्यातल्या कर्वीत, निरंतर नावाच्या दिल्लीच्या संस्थेच्या मदतीने हा पेपर सुरू झाला. बातम्या आणणाऱ्या बाया, लिहिणाऱ्या बाया, त्यातल्या बऱ्याच दलित घरातल्या, काहीजणी तर मोठेपणी लिहायला-वाचायला शिकलेल्या. भाषा बुंदेली, किंमत २ रुपये, आणि विकायलाही त्याच गावोगाव जायच्या. विकायला स्वतः गेलं की समोरचा बाप्या दोन रुपये हातात धरून विचारतो, आमच्या हातपंपाचं काय झालं? म्हणजे बातमीही तिथेच मिळते आणि जाबही तिथेच द्यावा लागतो, ऑफिसात बसून हे कधीच होत नाही. २००९ ला त्यांना युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला, पुढे छपाई थांबवून त्या मोबाईलवर, व्हिडिओवर आल्या, चंबल मीडिया नावाची कंपनी उभी राहिली. अनुदानाचे पैसे त्यांनीही घेतलेत, त्यात काही वावगं नाही, पण पैसे देणारा आणि ज्याची बातमी करायची तो एकच माणूस नसावा एवढं तरी आपण बघायचं. तुझ्या साहेबांच्या बाबतीत नेमकं तेच होतंय.

अजून एक. त्यांच्यावरची डॉक्युमेंटरी २०२२ मध्ये ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली, सगळीकडून कौतुक चाललेलं, आणि तेव्हाच या बायांनी जाहीर सांगितलं की यात आमचं काम अर्धवट दिसतंय, आम्ही काही एकाच पक्षाच्या मागे लागलेलो नाही. कौतुक करणाऱ्याला तोंडावर असं सांगायला कणा लागतो गं. मला तरी त्या पुरस्कारापेक्षा हे मोठं वाटतं.

आपल्याकडे तर हे सगळं शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मूकनायक काढलं, शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले, तरी १९२३ मध्ये ते बंद पडलं. १९२७ ला परत बहिष्कृत भारत उभं केलंच. देणगीने सुरुवात होते, पण पुढे रेटायला वर्गणीदारच लागतो. दिल्लीत २०१२ ला सुरू झालेली न्यूजलाँड्री ही बातम्यांची वेबसाइटही वाचकांच्या वर्गणीचा आग्रह धरून आहे.

तेव्हा पहिलं वर्ष ऑफिसच नको. मोबाईल, कॉलरचा माईक, एक ट्रायपॉड, बस झालं. आठवडी बाजाराच्या दिवशी तिघी बाजारात बसा, लोक काय बोलतात ते ऐका, ब्रेकिंगच्या मागे पळू नका, ग्रामपंचायतीची, पाणीपुरवठ्याची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात काढा. महिना ५० रुपये देणारी शंभर माणसं जमवा, आणि कुणाकडून किती आले, कुठे गेले हा हिशोब दर महिन्याला चॅनलवरच टाका. तालुक्यात चॅनलचा माईक (बूम) घेऊन फिरणारे आणि कार्यक्रम संपला की पाकिटासाठी थांबणारे किती झालेत ते तूही बघतेस, लोकांना तुमचा हिशोब दिसला पाहिजे.

साहेबांना उद्याच नीट, आदराने नाही सांगून ये, फोनवर नको, घरी जाऊन सांग. आणि एक पावतीपुस्तक छापून घे. पहिल्या वर्षाचे ६०० रुपये माझे धर, पावती फाड आणि फोटो पाठव.

तुझा,
काका