मास्टर्स, व्हॉलंटिअरिंग आणि एमकॅट : तिन्ही एकदम कशाला?

तुझा प्रश्न मला समजला तो असा : ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका नव्या शहरात पब्लिक हेल्थच्या दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी आलीस, ओळखीचं कुणी नाही, हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअरिंग सुरू करायचंय, एप्रिलमध्ये एमकॅट, म्हणजे मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा, द्यायचीय आणि जूनमध्ये मेडिकल स्कूलचे अर्ज भरायचेत. वेळ कसा बसवू? मी याच वाटेने आले, आता रेसिडेन्सीत, म्हणजे मेडिकल स्कूलनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणात, आहे. वयाने मोठीच असणार, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते. येत्या जूनमध्ये अर्ज करू नकोस, त्याच्या पुढच्या जूनमध्ये कर. मास्टर्स संपल्यावर एक वर्ष मोकळं राहील, राहू दे. मेडिकल स्कूलला प्रवेश घेणाऱ्यांत कॉलेजनंतर एखादं वर्ष थांबून आलेले आता निम्म्याहून जास्त असतात, त्या वर्षाबद्दल इंटरव्ह्यूमध्ये कुणी भुवया उंचावत नाही. घरून फोनवर ‘अजून एक वर्ष?’ होईल, तेवढं ऐकून घ्यायचं.

कारण असं की या तीन कामांची जातकुळीच वेगळी आहे. व्हॉलंटिअरिंगला लांबी लागते : आठवड्याला थोडेच तास, पण वर्ष-दीड वर्ष न तुटता. एमकॅटला सलग, दाट वेळ लागतो, आणि तो दोन-तीन महिनेच लागतो. मास्टर्सला दर आठवड्याला ठरावीक रतीब घालावा लागतो, तो चुकला की ग्रेडमध्ये दिसतो. एप्रिलची एमकॅट म्हणजे तिचा दाट काळ नेमका दुसऱ्या सेमिस्टरच्या मिडटर्मवर येणार. मग सगळ्यात आधी काय सुटतं? व्हॉलंटिअरिंग, कारण तिथे ग्रेड नसते. आणि अर्जात नेमकं तेच चार महिन्यांचं, अर्धवट दिसतं.

मास्टर्सबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो आधी काढते. अ‍ॅमकॅस, म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज जिथून जातात ती यंत्रणा, ग्रॅज्युएट जीपीए, म्हणजे मास्टर्सच्या ग्रेडांची सरासरी, वेगळा मोजते. तुझा बॅचलर्सचा जीपीए मास्टर्सच्या ए ग्रेडांनी एका दशांशानेही वर सरकत नाही. तो वर आणायचा असेल तर पदवीनंतर घेतलेले अंडरग्रॅज्युएट, म्हणजे बॅचलर्सच्या पातळीचे, कोर्स लागतात, ते मात्र त्यात धरतात. शिवाय पब्लिक हेल्थमध्ये ए मिळणं तुलनेने सोपं, असा प्रवेश देणाऱ्या कमिट्यांचा समज असतो. म्हणून चांगल्या ग्रेडांचं कौतुक बेताचं आणि वाईट ग्रेडची चर्चा फार. पहिल्या सेमिस्टरला जास्तीचा कोर्स घेऊ नकोस. एखादा छोटा सेमिनार मात्र जरूर घे, जिथे प्रोफेसरला तुझं नाव आणि तुझं लिखाण दोन्ही लक्षात राहील. पुढे शिफारसपत्र तिथूनच येतं, दोनशे जणांच्या लेक्चरमधून येत नाही.

आता व्हॉलंटिअरिंग. ते आजच सुरू कर, कारण ‘सुरू’ व्हायलाच वेळ लागतो. ऑनलाइन अर्ज, छोटी मुलाखत, बॅकग्राउंड चेक, ओरिएंटेशन, रुग्णांच्या माहितीच्या गुप्ततेचं ट्रेनिंग, आणि लसींचे पुरावे. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांचे कागद नसतील तर अँटीबॉडीची रक्ततपासणी मागतात. टीबीच्या चाचणीपाशी आपल्याकडच्यांचं घोडं हमखास अडतं. लहानपणी बीसीजी ही टीबीची लस घेतलेली असली की हातावरची स्किन टेस्ट टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, मग ऑक्युपेशनल हेल्थ या कर्मचाऱ्यांची तब्येत तपासणाऱ्या विभागाची अपॉइंटमेंट, आणि त्यात आठवडे जातात. बीसीजी तुला दिली असेल तर आधीच सांग आणि आयजीआरए ही रक्ततपासणी माग. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

हॉस्पिटल निवडताना नाव बघू नकोस, रस्ता बघ. कॅम्पसच्या किंवा घराच्या वाटेवरचं साधं हॉस्पिटल हे दोन बस बदलून गाठायच्या प्रसिद्ध हॉस्पिटलपेक्षा केव्हाही बरं. नव्या शहरात हे जास्तच खरं, कारण रविवारी बस किती उशिरा येते ते तुला थंडीतच कळणार आहे. आठवड्याला एकच शिफ्ट घे, तीन-चार तासांची, पण वार आणि वेळ कायम ठेव. वार कायम असला की त्याच नर्स भेटतात, आणि त्या ओळखू लागल्या की काम बदलतं.

कसं बदलतं ते सांगते. इमर्जन्सीत व्हॉलंटिअरचं काम म्हणजे कपाटात गरम ब्लँकेटं भरायची, रिकामी झालेली गादी जंतुनाशकाने पुसून नवी चादर घालायची, डिस्चार्ज झालेल्याला व्हीलचेअरवरून दारापर्यंत सोडायचं. पहिले काही आठवडे तुला वाटेल, यात मेडिसिन कुठे आहे? मग एखाद्या संध्याकाळी चार्ज नर्स, म्हणजे त्या शिफ्टची प्रमुख नर्स, म्हणेल, सहा नंबरमधल्या आजोबांजवळ जरा बस, मुलगी येईपर्यंत. ते तेच तेच विचारत राहतील : माझा चष्मा कुठंय, कुत्र्याला कोण खायला घालणार. तू चष्म्याची पिशवी त्यांच्या हातात देशील, आणि ते पाच मिनिटांनी पुन्हा विचारतील. डॉक्टर येऊन दीड मिनिट बोलून जाईल आणि त्यातलं आजोबांना काय कळलं, काय नाही, हे त्या खोलीत फक्त तुला माहीत असेल. ‘डॉक्टर का व्हायचंय’ याचं उत्तर अशा ठिकाणी सापडतं, आणि कधीकधी ‘नाही व्हायचं’ हेही. दोन्ही उपयोगाचं.

त्या रात्री झोपण्याआधी फोनवर चार ओळी लिहून ठेव, रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही न लिहिता. अ‍ॅमकॅसमध्ये १५ अनुभव लिहिता येतात, प्रत्येकाला ७०० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं, तीही स्पेस धरून. त्यातले तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे, त्यांना आणखी १३२५ मिळतात. तास आणि संपर्कासाठी एक माणूस द्यावा लागतो, म्हणून व्हॉलंटिअर कोऑर्डिनेटरशी नीट वाग. परीक्षेच्या आठवड्यात येणार नसशील तर आधी कळव. न सांगता गायब झालेले प्रीमेड, म्हणजे मेडिकलची तयारी करणारे विद्यार्थी, त्यांनी खूप पाहिलेले असतात.

हॉस्पिटलमध्ये जागा नसेल तर हॉस्पिसकडे, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेकडे, चौकशी कर. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार हॉस्पिसला पगारी माणसांच्या रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के काम व्हॉलंटिअरकडून व्हावं लागतं, त्यामुळे त्यांना माणसं कायम हवी असतात. सगळ्यांना झेपत नाही, पण झेपलं तर त्यासारखं शिक्षण नाही. फ्री क्लिनिकही चांगलं. फक्त तिथे ‘हिंदी येतं ना, जरा सांग यांना’ म्हणून दुभाषाचं काम गळ्यात पडलं तर ट्रेनिंगशिवाय घेऊ नकोस. औषधाच्या डोसमध्ये एक शब्द इकडेतिकडे झाला तर भोगावं रुग्णाला लागतं.

एमकॅट पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ठेव. मे ते जुलै अभ्यास, ऑगस्टमध्ये परीक्षा. निकाल साधारण महिन्याभरात येतो, मनासारखा नसला तर जानेवारीची तारीख हाताशी राहते. त्या उन्हाळ्यात एखादी पूर्ण वेळ इंटर्नशिप मध्ये आणू नकोस. मास्टर्सची प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा भाग, सक्तीची असेल तर ती अर्धवेळ किंवा पुढच्या सेमिस्टरला करता येईल का, हे अ‍ॅडव्हायजरला आत्ताच विचार.

परीक्षा २३० प्रश्नांची, ब्रेक धरून साडेसात तासांच्या आसपास. म्हणजे विषय येऊन भागत नाही, बूड टेकवून बसण्याची सवयही लागते. जुलैपासून शनिवारी सकाळी, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, पूर्ण लांबीचा एक पेपर सोडव आणि रविवारी फक्त चुका बघ. एएएमसी, म्हणजे एमकॅट घेणारी संस्था, तिचे स्वतःचे पेपर शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेव, कारण खऱ्या परीक्षेच्या सर्वांत जवळचे तेच. फक्त कार्स हा उताऱ्यांचा भाग उन्हाळ्यावर टाकू नकोस. ५३ प्रश्न, ९० मिनिटं, आणि पाठांतराचा काडीचा उपयोग नाही. आत्तापासून रोज एक-दोन उतारे, बसमध्ये बसून झाले तरी चालतील. आणि ‘देऊन तर बघू’ म्हणून परीक्षा देऊ नकोस : वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदाच देता येते, आणि गैरहजर राहिलीस तरी एक संधी खर्ची पडते. पैशांची ओढाताण असेल तर एएएमसीच्या फी असिस्टन्सला, म्हणजे फीच्या सवलतीला, परीक्षेचं रजिस्ट्रेशन करण्याआधी अर्ज कर. आधी भरलेली फी परत मिळत नाही.

प्रीमेड सल्ल्यासाठी नव्या युनिव्हर्सिटीचं ऑफिस बहुधा ‘आम्ही फक्त अंडरग्रॅज्युएटना बघतो’ म्हणेल. तुझं बॅचलर्स अमेरिकेतलं असेल तर त्या कॉलेजला लिही, बरीच कॉलेजं माजी विद्यार्थ्यांनाही मदत करतात.

तू दोन गोष्टी लिहिल्या नाहीस, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. बॅचलर्स भारतात झालं असेल तर अ‍ॅमकॅस ते गुण तपासून जीपीएत धरत नाही, आणि बहुतेक कॉलेजांना अमेरिकेत घेतलेले सायन्सचे कोर्स हवे असतात; मग वर मांडलेलं वेळापत्रक एक-दोन वर्षांनी लांबेल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असशील तर परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल कॉलेजं मोजकीच आहेत, एमसार या एएएमसीच्या यादीत एकेक कॉलेज तपासावं लागेल. शिवाय स्क्राइबसारखं (डॉक्टरसाठी रुग्णाच्या नोंदी लिहिणं) एरवी पगारी असलेलं काम बिनपगारी केलं म्हणून ते व्हॉलंटिअरिंग ठरत नाही, व्हिसाला बाधा येऊ शकते. हो म्हणण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार. या दोन्हींचं उत्तर दे, म्हणजे कोणते कोर्स कोणत्या सेमिस्टरला घालायचे ते बघू.