पुण्यात डिसेंबरमध्येच कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्या आहेत. खुडून टाकू का? उन्हाळ्याचा बहर जाईल का?

खुडायची गरज नाही आणि उन्हाळ्याचा बहरही जाणार नाही. मोगरा नव्या फुटव्यांच्या शेंड्यावर फुलतो, त्यामुळे आत्ता फुललेली फांदी जानेवारीत छाटली की पुढच्या फुटव्यांना पुन्हा कळ्या धरतात. रात्री पुरेशा गार झाल्या नाहीत आणि पाणी-खत चालूच राहिलं, तर मोगरा विश्रांतीला न जाता फुटत राहतो. खरी अडचण इथेच आहे: विश्रांती न मिळालेलं झाड वर्षभर चार-चार फुलं देतं, भरघोस बहर देत नाही. म्हणून कळ्या फुलू द्या, पण खत आजच थांबवा. फुलं संपली की १०-१५ दिवस पाणी अगदी कमी करा, माती पार भुकटी होऊ न देता. मग जानेवारीच्या मध्यात झाड फूट-दीड फुटावर छाटा, जुनी पानं काढा, वरची दोन इंच माती मोकळी करून दहा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत घाला आणि पाणी सुरू करा. साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसतील, मात्र दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवं.

एक अपवाद: कळ्या जांभळट पडत असतील, त्यांना भोक असेल किंवा देठाशी फुगल्या असतील तर ती कीड आहे. तेवढ्या कळ्या मात्र खुडून नष्ट करा, कुंडीत टाकू नका.